रोमन अ‍ॅम्फिथिएटर : काय उरले आणि का उरले

रोमचे कोलोसियम आपण सर्वांनीच इतिहासाच्या पुस्तकात पाहिले आहे. एका बाजूला चार मजल्यांची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला ती तुटलेली आणि मधोमध भिंतींचे चक्रव्यूहासारखे जाळे. अशी इमारत जगात एकच असावी असे बऱ्याच जणांना वाटते. प्रत्यक्षात रोमन साम्राज्यात बांधलेल्या अशा दोनशेहून अधिक इमारतींच्या खुणा सापडल्या आहेत. वेल्सच्या हिरव्या टेकड्यांपासून ट्युनिशियाच्या कोरड्या माळापर्यंत त्या पसरल्या आहेत. काहींमध्ये आजही गाण्याचे कार्यक्रम होतात. काही ठिकाणी गवताने झाकलेला एक लंबगोल खळगा तेवढा दिसतो, आणि काही तर चक्क लोकांच्या घरांच्या भिंतींत जाऊन बसल्या आहेत.

आराखडा साधारण सारखाच, मग नशीब इतके वेगळे का? हा प्रश्न मला या विषयात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. 'दगड पक्का होता म्हणून इमारत टिकली' हे उत्तर पुरेसे नाही, कारण पक्का दगडच चोरांना सर्वांत जास्त आवडतो! माझ्या मते यातली बहुतेक अ‍ॅम्फिथिएटरे टिकली ती लोकांना त्यांचा काही ना काही उपयोग होत राहिला म्हणून. ज्यांचा उपयोग संपला, त्यांची खाण झाली.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. रोमन थिएटर अर्धवर्तुळाकार असते. समोर रंगमंच आणि त्याच्यासमोर चढत जाणाऱ्या पायऱ्या. 'अ‍ॅम्फि' या ग्रीक शब्दाचा अर्थ 'दोन्ही बाजूंना'. म्हणजे अ‍ॅम्फिथिएटरमध्ये प्रेक्षक चहूबाजूंनी बसतात आणि खेळ मध्ये चालतो. रथांच्या शर्यतीची सर्कस ही तिसरीच, लांबट इमारत. तिची आणि याची गल्लत करू नये. मधल्या मैदानाला अरीना म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ आहे वाळू. मैदानावर वाळू पसरत, कारण ती रक्त शोषून घेते. हा शब्द आपण आज बॅडमिंटनच्या हॉललाही वापरतो, तेव्हा त्याचा उगम माहीत असलेला बरा.

दगडी अ‍ॅम्फिथिएटरांपैकी आज उरलेले सर्वांत जुने पॉम्पेईचे. ते इ.स.पूर्व ७०च्या सुमारास बांधले, म्हणजे कोलोसियमच्या सुमारे दीडशे वर्षे आधी. तेव्हा अशा इमारती बांधण्याची पद्धत अजून पूर्ण बसलेली नव्हती. मैदान खोल खणले, निघालेली माती बाजूला रचून बंधारा केला आणि त्यावर बैठका बसवल्या. वरच्या रांगांपर्यंत जायला बाहेरून मोठे जिने आहेत. मैदानाखाली तळघरे नाहीत. इ.स. ५९ मध्ये इथे खेळ चालू असताना पॉम्पेईचे लोक आणि शेजारच्या नुकेरिया गावाचे लोक यांच्यात बाचाबाची झाली. आधी शिव्या, मग दगड, मग शस्त्रे. अनेक माणसे मेली. इतिहासकार टॅसिटस याने ही हकीकत लिहून ठेवली आहे. शिक्षा म्हणून रोमच्या सिनेटने पॉम्पेईला दहा वर्षे असे खेळ भरवण्यास बंदी केली. या दंगलीचे चित्र पॉम्पेईच्या एका घराच्या भिंतीवर सापडले आणि ते आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. दोन गावांच्या टीमच्या समर्थकांची मारामारी ही काही आजची गोष्ट नाही. पुढे इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीने गाव राखेखाली गाडले आणि त्या राखेनेच अ‍ॅम्फिथिएटर राखले. मात्र असा योग क्वचितच येतो. बाकीच्यांना माणसांमध्येच दिवस काढावे लागले.

आता कोलोसियम. सम्राट नीरोच्या महालातल्या कृत्रिम तळ्याच्या जागी सम्राट व्हेस्पेशियनने ते सुरू केले. त्याचा मुलगा टायटस याने इ.स. ८० मध्ये त्याचे उद्घाटन केले आणि शंभर दिवस खेळ भरवले. लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर, उंची जवळजवळ ५० मीटर. मैदान सुमारे ८३ मीटर लांब आणि ४८ मीटर रुंद, म्हणजे आपल्या हॉकीच्या मैदानापेक्षा थोडे लहान. प्रेक्षक सुमारे पन्नास हजार.

मला यात सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे दारे. तळमजल्यावर ८० कमानी होत्या. चार मुख्य दारे सोडली तर उरलेल्या ७६ कमानींवर क्रमांक कोरलेले होते. प्रेक्षकाने आपला क्रमांक पाहायचा, त्या कमानीतून आत जायचे, ठरलेला जिना चढायचा आणि आपल्या रांगेत बसायचे. बैठकांमध्ये उघडणाऱ्या बोळांतून गर्दी भराभर आत येई आणि भराभर बाहेर पडे. आपल्या असेंब्ली हॉलमधून सिनेमा संपल्यावर बाहेर पडताना काय होते ते सर्व हाऊस मास्तरांना ठाऊक आहे, म्हणून जास्त लिहीत नाही. त्या क्रमांकांपैकी २३ ते ५४ आजही वाचता येतात. बाकीचे गेले, कारण ज्या बाहेरच्या भिंतीवर ते होते ती भिंतच गेली. गणिताच्या तासाला आपण ५४ मधला चार रोमन आकड्यांत 'पाचातून एक वजा' असा लिहितो. त्या दगडावर मात्र पन्नासच्या चिन्हापुढे सरळ चार उभ्या रेघा आहेत.

बांधकामात दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक म्हणजे रोमन काँक्रीट. चुना आणि ज्वालामुखीची राख मिसळून त्यात दगडांचे तुकडे घातले की ते घट्ट होते. या काँक्रीटच्या कमानी आणि घुमटीवजा छतांवर बैठका उभ्या राहिल्या, त्यामुळे टेकडी किंवा बंधारा लागत नव्हता. दुसरी म्हणजे टिवोलीजवळून आणलेला ट्रॅव्हर्टिन दगड. त्याचे ठोकळे एकमेकांना लोखंडी पकडींनी जोडले होते. आज कोलोसियमच्या भिंतीवर जिथे तिथे खड्डे दिसतात. ते बंदुकीच्या गोळ्यांचे नाहीत. मध्ययुगात लोखंड महाग होते, म्हणून लोकांनी दगड फोडून त्या पकडी काढून नेल्या, त्याच्या त्या जखमा आहेत.

वर उन्हासाठी कापडाचे प्रचंड छत ओढले जाई. हे काम कोणाकडे होते? मिसेनम इथल्या आरमाराच्या खलाशांकडे. दोर, कप्पी आणि शीड यांची सवय त्यांनाच होती. मैदानाखाली सम्राट डोमिशियनच्या काळात तळघरे बांधली गेली. प्राण्यांचे पिंजरे हातांनी फिरवायच्या रहाटांवर वर उचलले जात आणि झडप उघडली की जनावर एकदम वाळूवर येई.

खेळ बंद पडल्यावर कोलोसियमचे काय झाले? काही काळ ते फ्रांजिपाने नावाच्या सरदार घराण्याचा किल्ला होते. १३४९ मध्ये मोठा भूकंप झाला आणि दक्षिणेकडची बाहेरची भिंत कोसळली. त्या बाजूची जमीन गाळाची, मऊ आहे. पडलेले दगड आयतेच मिळाले. रोममधले राजवाडे, चर्च, पूल यांच्यासाठी ते गाड्या भरभरून नेले गेले. ही लूट शतकानुशतके चालली. १७४९ मध्ये पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी ही जागा ख्रिस्ती हुतात्म्यांच्या स्मरणार्थ पवित्र ठरवली. म्हणजे तिला नवा उपयोग मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुटक्या टोकांना विटांचे भक्कम आधार दिले गेले. त्यांपैकी एका आधारात निखळण्याच्या बेतात असलेले दगड आहेत तसेच, तिरके झालेल्या स्थितीतच, विटांनी पकडून ठेवले आहेत. फोटोत नीट पाहिल्यास भूकंपाचा क्षण थांबवून ठेवल्यासारखा वाटतो.

कापुआचे नशीब याहून वाईट. तिथले अ‍ॅम्फिथिएटर आकाराने कोलोसियमच्या खालोखाल होते. त्याच्याही तळमजल्यावर ८० कमानी होत्या. आज त्यांपैकी दोनच उभ्या आहेत. कमानींवर देवतांची मस्तके कोरलेली होती, त्यांतली काही पलीकडच्या गावात एका सरकारी इमारतीच्या दर्शनी भिंतीत बसवलेली आहेत. याच कापुआमध्ये ग्लॅडिएटरांची शाळा होती. इ.स.पूर्व ७३ मध्ये तिथून सत्तरच्या आसपास माणसे स्वयंपाकघरातल्या सुऱ्या आणि सळया घेऊन पळाली. त्यांचा पुढारी स्पार्टाकस. हे सध्याच्या इमारतीच्या आधीचे. दोन वर्षे त्यांनी रोमच्या फौजांना हरवले. अखेर क्रासस याने त्यांचा पराभव केला आणि पकडलेल्या सहा हजार जणांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेला क्रुसावर चढवले. ग्लॅडिएटर बहुतेक गुलाम, युद्धकैदी किंवा शिक्षा झालेले लोक असत. सिनेमात ते वीर दिसतात. लढत ते छानच असतील, पण कोणासाठी लढायचे हे त्यांना कोणी विचारले नव्हते. या इमारतींची भव्यता मोजताना हे सोडून देऊ नये असे मला वाटते.

आता उपयोगाचा मुद्दा. साम्राज्य पडल्यावर गावांना संरक्षण हवे होते आणि गावात आयता किल्ला उभा होता. विचार करा : जाड दगडी भिंत, बाहेरून चढायला जागा नाही, कमानी बुजवल्या की झाली तटबंदी. फ्रान्समधल्या नीमच्या अ‍ॅम्फिथिएटरला व्हिसिगॉथ लोकांनी असाच किल्ला केला. नंतर आत वस्ती झाली, चर्चही बांधली गेली. अठराव्या शतकातही तिथे सुमारे सातशे लोक राहत होते! जवळच्या आर्ल गावात तर मैदानात आणि पायऱ्यांवर मिळून दोनशेहून अधिक घरे होती आणि वर चार टेहळणी बुरूज. त्यातले तीन बुरूज अजून आहेत. एकोणिसाव्या शतकात ही सर्व घरे पाडून रोमन इमारत 'मोकळी' केली. मला हे पूर्ण पटत नाही. ज्या लोकांमुळे भिंत तेराशे वर्षे टिकली त्यांचीच घरे पुसून टाकली, आणि ज्या लोकांनी तिथे माणसे मारली त्यांची आठवण जपली. अर्थात घरे न पाडता ते सुंदर लंबगोल आपल्याला कधीच दिसले नसते, हेही खरे.

इटलीतल्या लुका गावाने वेगळा मार्ग काढला. तिथे बैठकांच्या जागी घरे उभी राहिली होती. ती पाडली नाहीत, फक्त मधले मैदान मोकळे करून चौक केला. रोमन दगड भिंतींच्या आत कुठे कुठे डोकावतात, पण आकाशातून पाहिले तर घरांची रांग अचूक लंबगोल आहे.

किल्ला झाला की त्यावर हल्लाही होतोच. ट्युनिशियातल्या एल जेम इथले अ‍ॅम्फिथिएटर इ.स. २३८च्या सुमारास बांधले. सपाट माळावर ते मैलोन्‌मैल दुरून दिसते. लांबी १४८ मीटर, क्षमता सुमारे ३५,०००. जवळपास चांगला दगड नव्हता. तो सुमारे तीस किलोमीटरवरच्या समुद्रकाठच्या खाणींतून आणला. एका आडगावाला हे कसे परवडले? ऑलिव्हच्या तेलाच्या व्यापारामुळे. सतराव्या शतकाच्या शेवटी बंडखोर आत लपले, तेव्हा राज्यकर्त्यांनी त्याच्या भिंतीला भगदाड पाडले. नंतर लोकांनी त्या भगदाडातून दगड नेऊन घरे बांधली. एकदा तट फुटला की पुढचे काम सोपे असते. १९७९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशात घेतले.

कधी कधी मात्र एखाद्या माणसाचा शब्दही कामी येतो. क्रोएशियातल्या पुला इथल्या अ‍ॅम्फिथिएटरची बाहेरची भिंत आज पूर्ण वर्तुळभर उभी आहे, असे उदाहरण दुसरे नाही. आतल्या बैठका मात्र जवळजवळ सगळ्या गेल्या. सोळाव्या शतकात पुला व्हेनिसच्या राज्यात होते. १५८३ मध्ये व्हेनिसच्या सिनेटमध्ये प्रस्ताव आला की ही इमारत दगड दगड सुटा करून व्हेनिसला न्यावी आणि तिथे पुन्हा उभी करावी. गाब्रिएले एमो नावाच्या सिनेटरने विरोध केला आणि प्रस्ताव बारगळला. पुलाच्या लोकांनी त्याच्या नावाची पाटी इमारतीच्या एका बुरुजावर लावली, ती अजून आहे.

इमारत उचलून दुसरीकडे नेणे हे वाटते तितके अशक्य नाही. आपल्याच देशात आंध्र प्रदेशात नागार्जुनकोंडा इथे उत्खननात इक्ष्वाकू राजांच्या काळातले, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या शतकातले पायऱ्यापायऱ्यांचे प्रेक्षागार सापडले. ते लंबगोल नाही, चौकोनी आहे. नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली ते खोरे जाणार होते, म्हणून ते काठावर अनुपू इथे पुन्हा रचण्यात आले. तिथे पाण्यापासून वाचवायचे होते. व्हेनिसला फक्त हौस होती.

आपल्यासारख्या शाळेला जवळचे वाटेल असे अ‍ॅम्फिथिएटर वेल्समध्ये कार्लिऑन इथे आहे. तिथे दुसऱ्या ऑगस्टा लिजनची छावणी होती आणि छावणीच्या तटाबाहेरच इ.स. ९०च्या सुमारास सुमारे सहा हजार बैठकांचे अ‍ॅम्फिथिएटर बांधले होते. म्हणजे पूर्ण लिजन एकदम बसू शकेल इतके. सैन्याच्या अ‍ॅम्फिथिएटरांचा उपयोग खेळांबरोबर कवायत आणि शस्त्रशिक्षण यांसाठीही होत असावा असे अभ्यासक मानतात. रोमन सैन्याने ग्लॅडिएटरांच्या शाळेतल्या उस्तादांकडून शिकण्याची सुरुवात आधीच केली होती, इ.स.पूर्व १०५ मध्ये कॉन्सल रुटिलियस रुफस याने त्यांना सैनिकांना तलवार शिकवायला आणले होते. कार्लिऑनचे बांधकाम सैनिकांनी स्वतः केले. कोणत्या तुकडीने कोणता भाग बांधला हे सांगणारे कोरीव दगड तिथे सापडले आहेत. आपल्याकडे श्रमदानात हाऊसप्रमाणे जागा वाटून देतात, त्यातलाच प्रकार.

पुढे लिजन गेली, मातीने सर्व भरले आणि गावकरी त्या खळग्याला 'राजा आर्थरचे गोलमेज' म्हणू लागले. १९२६-२७ मध्ये मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा व्हीलर यांनी ते खणून काढले. व्हीलर मधेच लंडनच्या संग्रहालयात रुजू झाल्यामुळे जागेवरचे काम मुख्यतः टेसा यांनी पाहिले. त्यांचे नाव सहसा मागे पडते, म्हणून मुद्दाम लिहिले. दुसऱ्या महायुद्धात व्हीलर ब्रिगेडियर होते. लिबियात लेप्टिस मॅग्ना या रोमन शहराच्या अवशेषांना फौजेच्या वर्दळीने धक्का लागू नये म्हणून त्यांनी खटपट केली. त्यानंतर ते १९४४ ते १९४८ भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते, आणि १९४५ मध्ये पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू इथे त्यांना रोमन मद्याचे रांजण आणि इटलीहून आलेली तांबडी भांडी सापडली. कार्लिऑनमध्ये हाताखालून गेलेली रोमन खापरे त्यांनी इथे लगेच ओळखली असणार.

शेवटचे उदाहरण इटलीतल्या कासिनोचे. तिथले अ‍ॅम्फिथिएटर लहान आहे. एका श्रीमंत स्त्रीने, उम्मिडिया क्वाद्रातिला हिने, ते आणि एक मंदिर गावासाठी स्वतःच्या पैशाने बांधले, असा शिलालेख आहे. ऐंशीच्या उंबरठ्यावर तिचे निधन झाले, हे धाकट्या प्लिनीच्या पत्रावरून कळते. ज्या डोंगराच्या उतारावर ते आहे, त्याच्या माथ्यावर प्रसिद्ध मठ आहे. १९४४ मध्ये याच डोंगरासाठी चार महिने लढाई चालली. फेब्रुवारी आणि मार्चमध्ये चौथी भारतीय डिव्हिजन या डोंगरावर लढली. मे महिन्यात आठव्या भारतीय डिव्हिजनने खाली गारी नदी ओलांडली. या आठव्या डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियनही होती. पुढच्या वर्षी सेनियो नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव याच बटालियनचे. त्या लढाईच्या वर्णनांत 'अ‍ॅम्फिथिएटर' हे ठिकाणाचे नाव म्हणून येते, कारण गावाच्या दक्षिणेकडच्या त्या भागात जर्मनांची ठाणी होती. बाँबफेकीत मठ कोसळला आणि खालचे गाव जमीनदोस्त झाले. कासिनोच्या युद्धस्मशानभूमीत भारतीय जवानांची नावे आहेत.

मठ नंतर पुन्हा बांधला, गाव थोड्या अंतरावर नव्याने वसले. अ‍ॅम्फिथिएटरची बाहेरची गोल भिंत, लहान चौकोनी दगड तिरके लावून जाळीसारखी केलेली, अजून त्या उतारावर जागेवर आहे.